दिमोना ते एलात : काटा खोटा की पोरगा खोटा?



प्रवासवर्णन म्हटले की हॉटेल, समुद्र, फोटो असे सगळे आले पाहिजे. आमच्या या प्रवासात समुद्र शेवटी आला, तोही थोडाच. बाकी सारा वेळ आम्ही सातजण रस्त्याच्या कडेचे छोटे फलक मोजत होतो. कारण आमच्या घरात भांडण लागले होते आणि त्याचा निकाल अरावाच्या रस्त्यावर लागायचा होता.

आधी भांडण सांगतो. गेल्या वर्षी आम्ही सात सीटांची जुनी व्हॅन घेतली. जुनी म्हणजे दुसऱ्याने वापरलेली. आई आता चौऱ्याऐंशीची, मामा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांना साध्या गाडीत मागे कोंबून बसवणे बरे दिसत नाही. वर आमची तीन मुले. म्हणून ही व्हॅन. आधीच्या मालकाला वाड्यांमधून, कच्च्या रस्त्यांवरून भटकायची हौस होती. (वाडी म्हणजे आपली नारळाची वाडी नव्हे हो, इथला कोरडा ओढा!) गाडी मजबूत होती, भावही बरा होता. आम्ही घेतली.

थोरला नुकताच सैन्यातून सुटून आला होता. त्याला चावी देताना आम्ही एकच अट घातली: फलकावर जो आकडा असेल त्याच्या आत राहायचे. तो हो म्हणाला. आणि चार महिन्यांनी एका संध्याकाळी ८० च्या रस्त्यावर पोलिसाने त्याला थांबवले. लेझरच्या यंत्रात आकडा होता ९५. शेजारच्या सीटवर आजी बसलेली. पोरगा म्हणाला, "काटा नव्वदला होता. एक रेघ जास्त नाही." पोलीस म्हणाला पंच्याण्णव आणि कागद फाडून हातात दिला.

घरी आल्यावर आम्ही दोघांनीही पोलिसाचीच बाजू घेतली. यंत्र कशाला खोटे बोलेल? पोरगाच पाच कमी करून सांगतोय. आम्ही चावी काढून घेतली. तो काही बोलला नाही, पण जेवायला बसला तेव्हा मान वर केली नाही. आजी मात्र म्हणत राहिली, "मी बाजूला होते. मला आकडे दिसत नाहीत, पण काटा मोठ्या खुणेवर होता एवढे दिसले."

दोन आठवडे घरात असाच अबोला. शेवटी मामा म्हणाले, "अरे, पोरगा खोटा की काटा खोटा, हे रस्त्यावर तपासता येते. एलातला जायचेच आहे ना? मग जाता जाता तपासू."

मामा भारत सोडण्यापूर्वी मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. "आमच्या ब्रेकव्हॅनमध्ये काटाबिटा काही नसायचा," ते मुलांना सांगत होते. "एक कंदील, दोन झेंडे आणि खिशात घड्याळ. तरी गाडी किती वेगाने चाललीय ते आम्हाला कळायचे." कसे? रुळांच्या सांध्यांवरून. तेव्हाचा रूळ तेरा मीटरचा असे. चाक सांध्यावरून गेले की खट्ट आवाज येई. ४७ सेकंदांत जितके खट्ट, तितके किलोमीटर ताशी वेग. मधलीने लगेच कागदावर करून पाहिले: तेरा मीटर गुणिले ३.६ म्हणजे ४६.८. बरोबर निघाले! मामांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू आजच बढती मिळाली. आता लांबच्या लांब रूळ जोडून टाकतात, तेव्हा तो खटखटाट बहुतेक ठिकाणी गेला. पण हिशेब तोच राहिला: ठरावीक अंतर, घड्याळ आणि भागाकार.

तर एका मंगळवारी पहाटे पाच वाजता आम्ही दिमोनाहून निघालो. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. थर्मासमध्ये चहा. गाडी थोरल्याच्या हातात. चावी त्या दिवसापुरती परत दिली होती. तपास त्याचा आहे तर चालवायचे त्यानेच, असे मामांचे म्हणणे.

दिमोना हे तसे उंचावरचे गाव. १९५५ साली वसलेले. आपली माणसे इथे इतकी आली की लोक त्याला छोटा हिंदुस्थान म्हणू लागले. गाव मागे पडले की २५ नंबरचा रस्ता पूर्वेकडे उतरू लागतो. रोतेमचा सपाट भाग संपतो आणि मग एकदम उतार, वळणे, उघडे बोडके डोंगर. खाली मृत समुद्राच्या दक्षिण टोकाचा सखल प्रदेश पसरलेला. मृत समुद्राचे पाणी आज समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहूनही खाली आहे. उतरताना कानात दडे बसतात. धाकट्याने विचारले, "आपण जमिनीच्या आत चाललो का?" आजी म्हणाली, "खंडाळ्याचा घाट उतरताना आम्हीही असेच विचारायचो."

अरावा जंक्शनला आपण ९० नंबरच्या रस्त्याला लागतो. हा देशातला सर्वांत लांब रस्ता. दक्षिणेला ताबाच्या सीमेपासून उत्तरेला मेतुलापर्यंत जवळजवळ ४८० किलोमीटर. आमच्या कामाची गोष्ट अशी की या रस्त्याचे किलोमीटर ताबापासून मोजले आहेत आणि कडेला छोटे फलक लावलेले आहेत: वर रस्त्याचा नंबर, खाली किलोमीटर. म्हणजे एलातकडे जाताना आकडे उतरत जातात. आम्ही इतकी वर्षे या रस्त्याने गेलो, पण ते फलक कधी पाहिलेच नव्हते. कोकणातल्या एसटीत खिडकीशी बसून मैलाचे दगड मोजणारी आम्हीच ती मुले. इथे येऊन मोजायचे विसरलो.

मामांनी कामे वाटून दिली. थोरल्याने फक्त रस्त्याकडे बघायचे आणि काटा एका जागी ठेवायचा. घड्याळाकडे बघायचे नाही, फलकाकडेही नाही. धाकटा फलक दिसला की ओरडणार. मामांकडे थांबते घड्याळ. मधलीकडे वही. आम्ही दोघे साक्षीदार. आजी न्यायाधीश.

मधली म्हणाली, "एवढे कशाला? फोन वेग दाखवतो की." मामा म्हणाले, "फोनलाही विचारू. पण एकट्या फोनवर निकाल द्यायचा नाही." यात तथ्य होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये युद्धामुळे इथले जीपीएस बिघडवले जात होते तेव्हाचे आठवते ना? माणूस तेल अवीवला आणि फोन म्हणे तुम्ही बैरूतला आहात! एरवी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, एकाच वेगाने चालताना फोनचा आकडा चांगला असतो, कारण तो चाकावरून नाही, उपग्रहांवरून काढलेला असतो. पण साक्षीदार एकापेक्षा दोन बरे.

१५० च्या फलकापाशी थोरल्याने प्रवासाचे किलोमीटर मोजणारा आकडा शून्यावर आणला. हा तपासाचा एक भाग. दुसरा भाग घड्याळाचा.

हात्झेवा गेले, ऐन याहाव गेले. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या लांबच लांब बोगद्यांखाली मिरची आणि भाज्यांची शेते, मध्येच खजुरांच्या रांगा. इथे पाऊस जवळजवळ नाहीच, तरी ढोबळी मिरची इथूनच परदेशी जाते. डावीकडे जॉर्डनचे डोंगर, एदोमचे. सूर्य त्यांच्या मागून वर येत होता, म्हणून ते निळसर-राखी दिसत होते. ते लाल होतात ते संध्याकाळी. रस्त्याकडेला विरळ शित्ताची झाडे. आजी त्यांना दर वेळी बाभूळच म्हणते. चुकत नाही म्हणा, एकाच कुळातली झाडे ती.

१२० चा फलक आला. रस्ता सरळ, सपाट, पहाटेमुळे रिकामा. काटा बरोबर ८० वर. धाकटा ओरडला, "आता!" मामांनी बटण दाबले.

मग दहा किलोमीटर गाडीत कोणी बोलेना. असे शांत आमचे कुटुंब कधी नव्हते. ११९, ११८, ११७. थोरल्याची मान ताठ. आम्ही त्याच्या खांद्यावरून काट्याकडे बघत होतो. हललाच नाही.

काटा खरा असता तर ८० च्या वेगाने दहा किलोमीटरला साडेसात मिनिटे लागायला हवीत, म्हणजे ४५० सेकंद. धाकटा ११० च्या फलकाला ओरडला आणि मामांनी घड्याळ थांबवले: ७ मिनिटे ८ सेकंद. ४२८. मधलीने ३६,००० ला ४२८ ने भागले. ८४ आणि वर थोडे. फोनवरही ८४ च होते.

कोणी काही म्हणाले नाही. थोरल्याने आरशातून मागे पाहिले, एवढेच.

आम्ही म्हटले, "एखाद-दुसरा सेकंद बटण दाबण्यात चुकला असेल." मामा म्हणाले, "म्हणूनच तर दहा किलोमीटर घेतले. एका किलोमीटरवर मोजले असते तर एका सेकंदाच्या चुकीने शंभराला दोनहून जास्त फरक पडला असता. दहावर तीच चूक पाव टक्का. इथे बावीस सेकंद कमी आहेत. एवढी चूक माझ्या हातून झाली असती तर रेल्वेने मला केव्हाच घरी पाठवले असते."

पुढे मागची वाहने नाहीत असे पाहून आणखी एकदा मोजले, या वेळी काटा ६० वर आणि पाच किलोमीटर. लागायला हवे होते ३००, लागले २८५. ताशी ६३. म्हणजे इथेही शंभराला पाचच.

मामांना दुसरे मोजमाप का हवे होते ते नंतर कळले. फरक सगळीकडे सारख्या प्रमाणात असेल तर तो चाकाचा किंवा चाक मोजणाऱ्या भागाचा. ४० ला तीन, ८० लाही तीन, १०० लाही तीन असा फरक असेल तर काटाच चुकीच्या जागी बसवलेला आहे असे धरायचे. आणि काटा मध्येच पडत, नाचत असेल तर वायर किंवा सेन्सर बघायचा. डॉक्टरने ताप कधी येतो, कुठे दुखते विचारावे, तसेच हे.

एका मोठ्या बाभळीखाली गाडी बाजूला घेऊन आम्ही चहा प्यायलो. मामांनी तिथे मुलांना काट्याची गोष्ट सांगितली. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत एक फिरती तार असे. तिच्या टोकाला लोहचुंबक, चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी आणि वाटीला काटा. चुंबक फिरू लागले की वाटी त्याच्यामागे ओढली जाते, पण एक स्प्रिंग तिला धरून ठेवते. जर्मनीतल्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली याचे पेटंट घेतले. आताच्या गाड्यांत तार गेली, सेन्सर आला. तो फेऱ्या मोजतो आणि विजेने काट्याला कळवतो. पण जुना काय नि नवा काय, दोघांपैकी कोणालाही रस्ता दिसत नाही. त्यांना फक्त चाकाच्या फेऱ्या कळतात. एका फेरीत गाडी किती पुढे जाते, हे कारखान्यात एकदाच ठरवून दिलेले असते.

धाकट्याला हे कळेना. तेव्हा आजी उठली. बाभळीपासून गाडीपर्यंत तिने त्याला बरोबर चालवले. त्याची पावले झाली चाळीस, तिची बत्तीस. आजी म्हणाली, "बघ. अंतर तेवढेच. पण कोणी नुसती पावले मोजली तर म्हणेल म्हातारी कमी चालली." लहान पाऊल म्हणजे लहान चाक, मोठे पाऊल म्हणजे मोठे चाक. मोठे चाक कमी फेऱ्यांत तेवढेच अंतर जाते. बिचाऱ्या काट्याला वाटते, गाडी हळू चाललीय.

हे तिने म्हटले आणि आम्ही सगळे एकदम टायरकडे बघू लागलो.

टायरच्या कडेवर आकडे कोरलेले असतात. मधलीने खाली बसून वाचले: २३५/७० आर १६. मग चालकाचे दार उघडून चौकटीवरचे स्टिकर पाहिले. तिथे होते २१५/६५ आर १६. गाडीच्या परवान्याचा कागद काढला. त्यावरही २१५/६५. चार महिने हा कागद आमच्या गाडीच्या कप्प्यात होता!

बालमित्रांनो, हे आकडे कसे वाचायचे ते तुम्हीही शिका. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, पण रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांत. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मधलीने हिशेब केला. मूळ टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर. आमच्या टायरचा सुमारे ७३५. पाच सेंटिमीटर मोठा! म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीला गाडी पंधरा-सोळा सेंटिमीटर जास्त पुढे जात होती आणि काट्याला त्याचा पत्ता नव्हता. आधीच्या मालकाने कच्च्या रस्त्यावर गाडी उंच राहावी म्हणून मोठे टायर चढवले असणार. त्याचे काम झाले. काट्याला कोणी कळवले नाही आणि आम्हालाही नाही.

पण मामांचे समाधान होईना. व्यासातला फरक शंभराला सात आहे. मग काट्यातला फरक पाचच का? ते म्हणाले, "५० चा फलक येऊ दे."

पारान मागे टाकले. रस्ता इथे हळूहळू चढतो आणि पुन्हा लाल समुद्राकडे उतरू लागतो. मग ५० चा फलक आला. १५० पासून ५० पर्यंत, फलकांप्रमाणे शंभर किलोमीटर. गाडीचा आकडा म्हणत होता ९३.३. इथे मात्र सात टक्के पुरे निघाले.

याचे उत्तर आम्हाला नंतर मिळाले आणि ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. युरोपात वगैरे विकल्या जाणाऱ्या गाड्यांना संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ नंबरचा नियम लागतो. त्याप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर चालते: खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक चार किलोमीटर, इथपर्यंत. म्हणजे गाडी खरी ८० ने जात असेल तर काटा ९२ पर्यंत दाखवू शकतो, पण ७९ नाही. म्हणून कारखानेच काटा थोडा पुढे ठेवतात. आपल्या आया मुलांना शाळेत उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पाच मिनिटे पुढे करायच्या ना, तसे. किलोमीटर मोजणाऱ्या आकड्याला मात्र असे पुढे ठेवत नाहीत. आमच्या काट्याला कारखान्याने शंभराला दोन पुढे ठेवले होते, मोठ्या टायरने सात मागे खेचले. शिल्लक पाच मागे. हिशेब जुळला.

टायर झिजला तर याच्या उलट होते. नवा टायर घासून घासून पार संपेपर्यंत व्यास साधारण दोन टक्क्यांनी घटतो आणि काटा तेवढा जास्त दाखवतो. त्यात धोका नाही. धोका आमच्यासारख्या काट्यात आहे, जो माणसाला हळू चाललास म्हणून गोड बोलतो.

आता राहिला निकाल. योतवाताला किबुत्झच्या दुग्धशाळेचे चॉकलेटचे दूध घेतल्याशिवाय मुले पुढे जाऊ देत नाहीत, तेव्हा तिथेच टेबलाशी बसून कोर्ट भरले. मामांनी वहीवर बोट ठेवून सांगितले, "काटा नव्वदला असेल तर खरा वेग किती? नव्वदाला शंभरी पाचाच्या हिशेबाने साडेचार, वर थोडे. चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. पोलिसाचे यंत्र काय म्हणाले? पंच्याण्णव. पोराने काय सांगितले? नव्वद. दोघेही खरे."

आम्ही दोघे गप्प. आईबाप असून आम्ही मुलाचे शब्द तपासले नव्हते, परक्या यंत्राचे न तपासता मानले होते. आणि आणखी एक गोष्ट मनात टोचत होती. चार महिने आम्हीही याच काट्यावर भरवसा ठेवून गाडी चालवली होती. शाळेपुढे ५० म्हणून ज्या वेगाने गेलो तो पन्नासच्या वरच होता. आम्हाला पोलीस भेटला नाही, एवढाच फरक. थोरल्याला आम्ही म्हटले, "आमची चूक झाली. तू खोटे बोलला नव्हतास." तो हसला आणि दुधाची पिशवी फोडून प्यायला लागला. त्याला वाटले, सुटलो.

तेवढ्यात न्यायाधीश बोलल्या. आजी म्हणाली, "रस्ता कितीचा होता?"

थोरला म्हणाला, "ऐंशीचा."

"आणि तू काटा कितीला ठेवला होतास?"

"नव्वदला."

"मग काट्याने पाच चोरले, बाबा, आणि तू दहा. काट्याला कळत नव्हते. तुला कळत होते."

मामा एवढे हसले की ठसका लागला. थोरल्याने कान पकडले. दंड त्याने स्वतःच्या पैशातून भरायचा असे ठरले, आणि तो भरला. काटा चुकला म्हणून माफी मागायला जायचे का, असा विचार आमच्या मनात आला होता. पण आजीच्या निकालानंतर कोण जाणार?

पुढे तिम्ना आले, जिथे हजारो वर्षांपूर्वी माणसांनी तांबे काढले. मग २०१९ साली सुरू झालेला रामोन विमानतळ. आणि मग एकदम निळा समुद्र, पलीकडे अकाबा. दोन दिवस भाचीच्या घरी राहिलो, पाण्यात पाय बुडवले, मासे खाल्ले. परत येताना संध्याकाळ होती आणि एदोमचे डोंगर गेरूने सारवल्यासारखे लाल झाले होते. थोरल्याने काटा आपणहून पाऊणशेला ठेवला होता, कारण आता सगळ्यांनाच ठाऊक होते की पाऊणशे म्हणजे जवळजवळ एकोणऐंशी.

दिमोनाला आल्यावर आम्ही टायरवाल्याकडे गेलो. इथे त्याला पंचेरिया म्हणतात. आपल्या पंक्चरवाल्याचाच चुलतभाऊ. त्याने परवान्याचा कागद पाहिला, टायर पाहिले आणि म्हणाला, "असे घेऊन टेस्टला गेला असता तर परत पाठवले असते." खर्च झालाच, सांगत नाही, पण चारही टायर मूळ मापाचे घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अरावात जाऊन तेच दहा किलोमीटर, काटा ८० वर. या वेळी लागली ७ मिनिटे ३९ सेकंद, म्हणजे खरा वेग ७८ च्या थोडा वर. मामा म्हणाले, "आता काटा घाबरट आहे. असाच पाहिजे."

बालमित्रांनो, तुम्ही पुढच्या सहलीला हे करून बघा. गाडी चालवणाऱ्याला मात्र त्रास देऊ नका. मागे बसून मोजा. एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागले की ताशी वेग मिळतो. ६० सेकंद लागले तर ६०. ४५ लागले तर ८०. ४० लागले तर ९०. आता सांगा, ५० सेकंद लागले तर किती? ज्याला तोंडी येईल त्याला आजीकडून एक लाडू. (उत्तर ७२ आहे, पण आजी ते तुमच्या तोंडून ऐकणार.) आणि आजी-आजोबांनो, तुमच्या घरात जुनी गाडी घेतली असेल तर दाराच्या चौकटीवरचे स्टिकर आणि टायरवरचे आकडे नातवंडांकडून एकदा वाचून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

मामांचे थांबते घड्याळ आता व्हॅनच्या कप्प्यात परवान्याच्या कागदाशेजारी असते. चावी थोरल्याकडे आहे. परवा तो आजीला दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर आम्ही विचारले, पोरगा कसा चालवतो? ती म्हणाली, "आता काट्याकडे मी बघत नाही. त्याच्याकडे बघते. बरा चालवतो."